मागच्या दाराचं गाऱ्हाणं

आमच्या घरात मरणाचा विषय माझ्याकडे असतो. त्यात माझा काही दोष नाही. मी विम्याची एजंट आहे. बारशाला गेले तरी बायका मला बघून पाळण्याजवळ जरा सरकून उभ्या राहतात, हिच्या पर्समधून आता काय निघेल म्हणून. धंद्याची सवय अशी की कुठेही गेलं की डोळा आधी दाराकडे जातो. कुणकेश्वरच्या जत्रेत लोक शंकराकडे बघून हात जोडतात, मी गर्दीतून बाहेर पडायची वाट कुठे आहे ते बघत हात जोडते. लग्नात मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा मी वर बघत असते, पंखा हलतोय तो फिरतोय म्हणून की सुटत आलाय म्हणून. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा मी वरच बघत होते. फोटो बघणाऱ्यांना वाटतं, नवरी देवाला आळवतेय.

त्यामुळे गेल्या मे महिन्यात आमच्या भावकीचा मेळावा घ्यायचं ठरलं तेव्हा जागा धड आहे का ते बघायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. कोणी दिलं असं नाही. मेळाव्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मीच विचारलं, हॉलला दारं किती? त्यावर मुंबईहून एका पुतण्याने हसून लोळणारी तोंडं पाठवली आणि दादाने, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने लिहिलं, "दारां तूच मोजून ये."

भावकी म्हणजे एका आडनावाची, एका देवाची आणि एकमेकांशी निदान एकदा तरी कुंपणावरून भांडलेली माणसं. यातली निम्मी मुंबई-पुण्याकडे असतात आणि आंबे पिकले की त्यांना गावची आठवण येते. म्हणून मेळावा मे महिन्यात. हॉल दादाने ठरवला होता, जामसंड्याच्या जरा पुढे, रस्त्याला लागून. ठरवण्याआधी त्याने देवळात जाऊन कौल लावला होता. पाषाणावर तांदूळ लावले, उजवीकडचा आधी पडला, म्हणजे देवाचा होकार. आता देवाने पास केलेल्या हॉलमध्ये मी दारं मोजायला जाणार, म्हणजे देवावर तपासनीस.

"देवान उजवो कौल दिल्यान आसा," दादा फोनवर म्हणाला.

"तू देवाक काय इचारलंस?"

"कार्य पार पडतला काय म्हणून."

"मागला दार उघडता काय, ता इचारलंस?"

"असला देवाक कोण इचारता गो?"

"मगे माका जावन बघूक होया."

दादाने फोन ठेवला. तो रागावला की फोन आपोआप कट झाल्यासारखा ठेवतो.

पण मेळाव्याची खरी अडचण दारांची नव्हतीच. ती काकांची होती.

आमचे काका भावकीतले सगळ्यात वडील. बाजारात त्यांचं किराणा दुकान होतं आणि गल्ल्यावर बसून त्यांनी मारलेली हाक मासळीबाजारापर्यंत जायची. घरातलं कुठलंही कार्य असो, सुरुवातीला गाऱ्हाणं घालायचं ते काकांनीच. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: गाऱ्हाणं म्हणजे वडीलधाऱ्या माणसाने उभं राहून सगळ्यांच्या वतीने देवाकडे केलेलं मागणं. प्रत्येक मागण्याच्या शेवटी तो "रे म्हाराजा" म्हणतो आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार द्यायचा. काकांचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारच्या वाडीतून लोक यायचे. कारण ते देवाला सांगता सांगता माणसांचीही कानउघाडणी करायचे आणि ज्याची केली त्यालाही "व्हय म्हाराजा" म्हणावंच लागायचं.

दोन वर्षांपूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी परत आले. शब्दही आले, पण उशिरा. चहा मागायचा म्हटलं तर 'चहा' हा शब्द बाहेर पडेपर्यंत काकू चहा करून, गाळून, समोर आणून ठेवते आणि मग तो शब्द कपाशेजारी येऊन उभा राहतो. बोलणं असं झाल्यावर गाऱ्हाण्याचा विषय कोणी काढला नाही. मेळाव्याच्या कार्यक्रमात दादाने त्याच्या जागी दीपप्रज्वलन घातलं, मुंबईच्या एका चुलतभावाला निवेदक केलं आणि काकांसाठी मधोमध एक गादीची खुर्ची, शाल आणि नारळ. त्याने ते मायेनेच केलं होतं. काकांना चारचौघांत अडखळायला लागू नये, एवढंच त्याच्या मनात.

काकांना हे काकूकडून कळलं. काकूला सगळं आधी कळतं.

"नारळ... कित्याक?" काका मला म्हणाले. मी त्यांच्या ओट्यावर बसले होते. "दारात... माड आसत."

"मगे येवचे नाय काय तुमी?"

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने, एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाले, "गाराणा घालूक... होया माका. पण मधीच..." आणि बोट गळ्याला लावलं. "आणि सगळ्यांनी... खाली बघल्यानी... मगे?"

लोकांना उद्या काय वाईट होईल ते पटवून देण्यात माझा जन्म गेला. वाईट होणार नाही असं पटवायचं मला येतच नाही. म्हणून मला जे येतं तेच मी म्हटलं, "काका, उद्या माज्यावांगडा हॉल बघूक येवा."

आतून काकू म्हणाली, "न्हे गो बाये तेंका. दोन वर्सां हयसर बसान माज्या आमटेक नावां ठेवतत. शब्द येना नाय, पण तोंडावर सगळा दिसता."

दुसऱ्या दिवशी मी काकांना माझ्या गाडीतून घेऊन गेले. हॉलच्या मॅनेजरने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि माझ्याशी शुद्ध मराठीत सुरुवात केली. "या मॅडम. आपल्याकडे सर्व सुविधा उपलब्ध आहेत." काकांना त्याने खुर्ची दिली, माझी पर्स मी काकांच्या मांडीवर ठेवली आणि तपासणीला लागले.

अग्निशामक होता. भिंतीवर लाल नळकांडं, अगदी नियमाप्रमाणे. फक्त दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना त्याचीही झाली होती आणि तेव्हाचा झेंडूचा हार वाळून तसाच गळ्यात होता. ज्या पिनेला ओढायचं असतं तिच्यावर हळदकुंकवाचा असा थर की ती ओढणं म्हणजे पाप वाटावं.

"हा चालतो का?" मी विचारलं.

"वेळच आली नाही, मॅडम."

स्टेजवर चढून मी दोनदा उडी मारून बघितली. फळ्या टिकल्या. माझं वजन बघता ही मजबुतीची चांगली चाचणी होती, आणि मॅनेजरच्या चेहऱ्यावर तसं दिसलंही. बाहेर गाड्या लावायच्या जागी मोठा माड होता, वर नारळांचा घड लगडलेला. खाली कोणाला बसू देऊ नका म्हटलं, तर तो म्हणाला, "मॅडम, माडाला डोळे असतात. माणसाच्या डोक्यावर तो टाकत नाही."

"आणि गाडीच्या काचेवर?"

"गाडीचं सांगता येत नाही."

मग मी मागच्या दाराकडे वळले. एका दाराने एवढी माणसं आत येतील, पण काही झालं तर त्याच एका दाराने सगळी बाहेर कशी पडणार? मागे, स्टेजला लागूनच मोठं दुहेरी दार होतं, आडणा म्हणजे आडवा दांडा लावलेलं.

"हे उघडा."

इथे मॅनेजरची शुद्ध मराठी संपली. "ता आता उघडूचा नाय, बाये."

"कित्याक?"

त्याने आडणा काढून फट केली आणि मला वास आला. सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मी सुरक्षिततेचं सगळं विसरले. दारापलीकडच्या बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत गवताची गादी आणि त्यात हापूस. आंबे पिकायला घातलेली आडी. त्याच्या स्वतःच्या बागेचे होते. बाहेर ऊन, घरात जागा नाही आणि हॉलचा बोळ थंड, म्हणून इथे. बोळाच्या पलीकडच्या तोंडाला आचाऱ्याची गॅसची शेगडी. म्हणजे कधी काळी आग लागलीच, तर ती वाळलेल्या गवताजवळूनच सुरू होणार आणि लोकांनी पळायचं त्याच गवतातून, आंबे तुडवत.

"हे काढा."

"पिकाक घातलेलो आंबो मधीच हलवलो तर डागता. तुमच्या मेळाव्याच्या आधी काढतलंय. शब्द देतंय."

मागून खुर्चीतून काका म्हणाले, "लिवन... घे."

मॅनेजर हसला आणि आंबे परतायला बोळात गेला. मी शेवटची तपासणी केली, बाथरूमच्या कडीची. मेळाव्यात लहान पोरं असतात, आत जातात, कडी लावतात आणि मग रडारड होते. कडी नीट लागते का, नीट निघते का, हे बघायला हवं. मी आत गेले, दार ओढलं, कडी लावली. लागली. इतकी छान लागली की पुन्हा निघेना. मी ओढली, दाबली, चप्पल काढून ठोकली. फोन पर्समध्ये आणि पर्स काकांच्या मांडीवर.

"काका!" मी ओरडले. "मी आत अडाकलंय! मॅनेजराक हाक मारा!"

बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग काठीचा. मग काकांचा. "अ... अरे..." एवढंच. पुन्हा "अरे..." आणि पुढे काही नाही. शब्द दाराशी येऊन परत जात होता ते मला आतून ऐकू येत होतं. मॅनेजर मागे बोळात, एवढी हाक त्याच्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. माझ्या डोक्यात बातमी तयार झाली: विमा एजंट सुरक्षेची तपासणी करताना बाथरूममध्ये. मला स्वतःलाच पॉलिसी विकावीशी वाटली.

आणि मग हॉलचे पत्रे थरथरावेत असा आवाज उठला, जो मी दोन वर्षांत ऐकला नव्हता.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लेकरू दारां मोजूक म्हणान इला आणि संडासात अडाकला रे म्हाराजा! जो कोण मागल्या बाजूक आंबे परतत बसलो आसा, तेका सद्बुद्धी दी, आणि हयसर धाड रे म्हाराजा!"

बोळातून लांबवर, विचार करायला वेळ न घेता, जन्माच्या सवयीने उत्तर आलं, "व्हय म्हाराजा!"

आणि पाठोपाठ धावत येणारी पावलं.

मॅनेजरने बाहेरून दार जरा वर उचललं, कडी सुटली. "दार उचलून कडी ओढायची असते मॅडम. सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

त्याने थोडा विचार केला. "मला."

काका काठीवर रेलून उभे होते. धाप लागली होती, पण डोळे असे की जणू दुकान पुन्हा उघडलंय. गाडीत बसल्यावर ते पुढे बघतच म्हणाले, "अडाकलंय... नाय."

खरंच. साधी हाक घशात अडकली आणि एवढं लांबलचक गाऱ्हाणं गडगडत आलं. साधं बोलायला शब्द शोधावा लागतो. गाऱ्हाण्याचे शब्द इतकी वर्षं त्याच चालीवर म्हटलेले, ते चालीला धरून आपले आपण आले असावेत. असं मला वाटतं. मी डॉक्टर नाही. काकूला सांगितलं तर ती म्हणाली, "दोन वर्सांनी गाराणा घातलेनी, ता पण संडासाचा!" आणि पदर तोंडाला लावून आत गेली. हसायला गेली की आणखी कशाला, मी विचारलं नाही.

मेळाव्याला येतो, एवढं काकांनी कबूल केलं. गाऱ्हाण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मी दादाला म्हटलं, कार्यक्रमात घाल. दादा म्हणाला, "थंय तू एकटीच होतंस. लोकांसमोर अडाकले तर तेंकाच लागतला. मी तसा होवक देवचंय नाय." काकांच्या मनातली भीती आणि दादाच्या मनातली भीती एकच होती.

मेळाव्याच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी हॉलवर पोचले. माझ्या तपासणीचा परिणाम झाला होता, नाही असं नाही. बाथरूमला नवी कडी होती. अग्निशामकाच्या गळ्यातला जुना हार काढून ताजा घातला होता. आणि मागच्या दारासमोर गुलाबी साटिनचा चुणीदार पडदा, त्यावर प्लास्टिकच्या फुलांचं तोरण, पुढ्यात रांगोळी. मी पडदा बाजूला केला, आडणा काढून दार ढकललं. वास आला. आडी जागच्या जागी होती. उलट वाढली होती.

"काढतो म्हणालात ना?"

"पडद्यामागे आहे, मॅडम. फोटोत येणार नाही."

"आग फोटो बघून लागत नाही हो!"

"अजून पिकाक जरासो र'वलो गो," तो पुन्हा गावच्या भाषेत आला. "आज हलवलो तर सगळो डागतलो."

मी दादाला गाठलं. त्याच्या छातीवर 'आयोजक' असा बिल्ला होता आणि कपाळावर घाम. तो म्हणाला, "कार्यक्रम सुरू होवंदे, मगे बघया." तोवर हॉल भरला. बायका, पोरं, काठ्या, पिशव्या, वर्षभराने भेटणारी माणसं आणि वर्षभर मुद्दाम न भेटलेली माणसं. काका मधोमधच्या खुर्चीत, शेजारी काकू. दिवे लागावेत म्हणून पंखे बंद केले. निवेदकाने सुरेख आवाजात काहीतरी संस्कृत म्हटलं, समई लागली, आणि ज्योत त्या साटिनच्या पडद्यापासून हातभर अंतरावर नाचायला लागली. मी स्टेजवर जाऊन समई उचलली आणि दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. काहींनी टाळ्या वाजवल्या.

आता वर चढलेच आहे तर म्हणून मी माईक घेतला.

"सर्वांनी कृपया लक्ष द्यावं. आपत्कालीन परिस्थितीत..."

मी माईक घेतला म्हणजे विम्याची नवी योजना आली, असं समजून पुढच्या रांगेतले दोन चुलते पाणी प्यायला उठले. बायकांच्या बाजूला गप्पा थांबायच्या ऐवजी वाढल्या. मी आवाज चढवला. "हॉलचं मागचं दार बंद आहे. त्याच्यामागे आंबे आहेत."

इथे मात्र सगळ्यांनी माना वर केल्या.

"खंय आसत?"

"हापूस काय?"

"विकाक आसत काय गो?"

मुंबईचा पुतण्या पिशवी घेऊनच उठला. दादा खालून मला हाताने 'उतर, उतर' करत होता. मी घामाने निथळत उभी, आणि मला एवढंच दिसत होतं: एवढी माणसं, एक दार, मागे वाळलेलं गवत.

तेवढ्यात काका उठले.

काठी टेकून, सावकाश. दादा त्यांना धरायला धावला तर काकूने त्याचा शर्ट मागून पकडला. "बस रे तू." काका स्टेजकडे आले नाहीत, जागेवरच वळले, लोकांकडे तोंड करून. मी त्यांच्यासमोर माईक धरायला खाली उतरले, पण त्यांनी तो हाताने बाजूला सारला. माईकची त्यांना कधीच गरज नव्हती.

"बा देवा म्हाराजा!"

सगळा हॉल उभा राहिला. चपला निघाल्या, हात जुळले. ज्यांना बारा महिन्यांत गाव आठवत नाही त्यांचेही. पाणी प्यायला गेलेले चुलते पेला हातात घेऊन दारातच थांबले.

"बारा वाटांनी गेलेली तुजी लेकरां आज एका छपराखाली इली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोण मुंबयसून इलो, कोण पुण्यासून इलो, आणि कोण शेजारच्या घरासून इलो पण वर्साभर बोलाक नाय. तेंका आज एका पंगतीक बसय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागच्या रांगेत दोन भावांनी एकमेकांकडे बघितलं आणि लगेच छताकडे.

"ह्या माज्या चेडवान तुमच्या जिवाची काळजी केल्यान आणि तेका सगळे हसले. ता हसणा पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठ्याने मुंबईचा पुतण्या.

"ह्या हॉलाक एक दार पुढे आसा, आणि एक दार..."

काका थांबले. तोंड उघडं, शब्द नाही. "एक दार..." पुन्हा तेच. बाहेर आचाऱ्याच्या कढईत काहीतरी तडतडलं ते हॉलभर ऐकू आलं. आणि मग एकेक मान खाली गेली. कोणी दुष्टाव्याने नाही, लाजेने, मायेने, पण गेली. काकांना जे नको होतं नेमकं तेच त्यांच्या डोळ्यांसमोर चाललं होतं. दादा माझ्याकडे बघत होता. मी जमिनीकडे बघत होते; तेव्हा मीही त्यांच्यातलीच.

"व्हय म्हाराजा!"

काकू. खणखणीत. काका अर्ध्या वाक्यात होते, देवाकडे काही मागितलंच नव्हतं, कशाला होकार द्यायचा तेही ठाऊक नव्हतं. तरी तिने दिला. सगळ्यांनी माना वर केल्या आणि हॉल गर्जला, "व्हय म्हाराजा!" काकांनी श्वास घेतला. शब्द अजून नव्हता. काकूने पुन्हा म्हटलं, हॉलने पुन्हा म्हटलं, आता पोरं खुशीत येऊन ओरडायला लागली. एवढ्या होकारांनी तो अडलेला शब्द कोपऱ्यातून ढकलत ढकलत बाहेर आणला.

"...मागे आसा रे म्हाराजा!"

असा होकार आला की वरचे बंद पंखेही हलले. मी बघितलं. सुटले नव्हते.

त्यानंतर काकांना कोणी थांबवू शकलं नसतं. "तेच्यामागे ज्या कोणी आंब्याची आडी घातल्यान आसा, तेच्या आंब्यांक डाग पडाक नको, पण दार उघडूची तेका बुद्धी दी रे म्हाराजा!"

मॅनेजर पुढच्या दारात हात जोडून उभा होता. "व्हय..." तो सगळ्यांबरोबर म्हणाला आणि थांबला. सगळा हॉल वळून त्याच्याकडे बघत होता. "...म्हाराजा," त्याने एकट्याने पुरं केलं.

"आणि काय विपरीत घडलाच, तर कोणी धावाधाव करूची नाय, ल्हान पोरांक आणि म्हाताऱ्यांक पयली वाट देवची, आंब्यांच्या नादाक लागूचा नाय, आणि ती येळ मारून ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

माईकवरून मी सांगत होते तेव्हा ज्यांनी पाणी प्यायचं निमित्त केलं, त्यांच्या तोंडून काकांनी माझी अख्खी सूचना देवासमोर कबूल करून घेतली. आता मोडायची म्हणजे देवाशी खोटेपणा.

आडी हलवायला सगळी भावकी लागली. दारापासून मॅनेजरच्या ऑफिसच्या खोलीपर्यंत माणसांची रांग, हातातून हातात आंबे, आणि मॅनेजर मध्ये उभा राहून "हळू, हळू, दाबू नको, देठ वर ठेव" असं ओरडत. वर्षभर न बोललेले दोघे भाऊ रांगेत शेजारी आले आणि आंबा देता-घेता "हो पिकलो," "हो अजून कच्चो," एवढं बोलले. सगळे आंबे ऑफिसात पोचले असं मी म्हणणार नाही. मुंबईच्या पुतण्याची पिशवी सकाळी सपाट होती. गवत बाहेर काढून लांब टाकलं, दुहेरी दार सताड उघडलं, तर पलीकडे आचारी झारा हातात घेऊन दचकून उभा. गवताआड इतके दिवस त्याला ती भिंतच वाटत होती. बोळातून वारा आला. पडद्याची साटिन फुगली आणि दादाने ती स्वतःच काढून घडी घातली.

मग पंगत बसली. काका पहिल्या पानावर, दादा त्यांच्या शेजारी, आणि आम्ही बायका वाढायला. सगळे काकांना येऊन नमस्कार करत होते, काका मान हलवत होते, बोलत फार नव्हते; घासातल्या घासात शब्द पुन्हा उशिराच येत होते आणि त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. मी वरणाची बादली घेऊन त्यांच्यासमोर आले. ते माझ्याकडे बघत राहिले. मग पानावरून उठायला लागले.

"काय होया, काका?" दादाने विचारलं.

काका उभे राहिले. हात खरकटा होता, म्हणून डावाच वर केला.

"बा देवा म्हाराजा! सकाळधरून ह्यो बायो उभ्यो आसत. जेवलेल्या बाप्यांनी आता उठान तेंका वाढूक होया रे म्हाराजा!"

तोंडात घास असतानाच पंगतीने "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि मग आपण काय कबूल केलं ते सगळ्यांच्या ध्यानात आलं. बायकांच्या बाजूने असं हसू फुटलं की आचारी पुन्हा डोकावला.

सगळ्यात आधी दादा उठला. हात धुऊन आला, माझ्या हातातली बादली घेतली. ती धरायची कशी ते त्याला ठाऊक नव्हतं. पहिल्याच पळीला त्याने अर्धं वरण आयोजकाच्या बिल्ल्यावर सांडलं. मी त्याच्या रिकाम्या पाटावर, काकांच्या शेजारी नवं पान मांडून बसले. काकांनी स्वतःच्या पानातलं लिंबू उचलून माझ्या पानात ठेवलं आणि म्हणाले, "जेव... गो."

मी जेवले.